ताईचा हप्ता

दोरीने घात केला, हे कुणाच्याच गळी उतरत नव्हतं.

"पण दोरी तर शाबूत आहे," आई पुन्हा म्हणाली. गिऱ्हाइकांच्या उंच खुर्चीत ती बसली होती, पाय अधांतरी, काठी मांडीवर आडवी. "कुणी तोडली नाही, कुणी सोडली नाही. मग चोर आला कुठून?"

कंप्युटरवाल्याने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. "आजी, दोरी शाबूत आहे हीच तर अडचण आहे."

थोरला भिंतीला टेकून उभा होता. पडद्यावर सकाळपासून एकच लाल चौकट होती. तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा, असं त्यात अगदी नम्र भाषेत लिहिलं होतं. ती नम्रता त्याला शिवीपेक्षा जास्त झोंबत होती.

दोरीची पद्धत अण्णांची, म्हणजे थोरल्याच्या वडिलांची. कात्री, आरी, पेन्सिल, मोजपट्टी, दुकानातली हाताला लागणारी प्रत्येक वस्तू त्यांनी मेणवलेल्या दोऱ्याने टेबलाला बांधून ठेवली होती. "आपण लोकांच्या पायांचं बघतो," ते म्हणत, "वस्तूंना पाय फुटू द्यायचे नाहीत." अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, पण गाठी तशाच राहिल्या. त्यामुळे फाइलींची दुसरी प्रत ठेवायला डिस्क आणली तेव्हा धाकट्याने काय करावं? ती कंप्युटरला जोडली, आणि मेणवलेल्या दोऱ्याने वायरीसकट अशी काही करकचून बांधली की ती पुन्हा कधी निघूच नये. आईने तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. बापाचं वळण बरोबर उचललं म्हणून.

"जे कंप्युटरला सतत चिकटलेलं आहे, ते कंप्युटरचंच," कंप्युटरवाला समजावत होता. "कुरियरचं बिल म्हणून आलेली मेल कुणीतरी उघडली. त्यातून हे आत शिरलं आणि जिथे जिथे पोचता आलं तिथे कुलूप घालत गेलं. डिस्क जोडलेलीच होती, तिलाही घातलं. काढून कपाटात ठेवली असती तर आज आपण चहा पीत असतो."

'कुणीतरी' म्हटल्यावर धाकटा मान खाली घालून खिशातला रुमाल शोधू लागला. थोरल्याने तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी मध्ये येऊन म्हणाली, "त्याला नंतर बोला. तो कुठे पळून जात नाही, आणि गेला तर दोरी आहेच."

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. सगळं घर, आणि चिडवायच्या लहरीत असली की सासूसुद्धा, तिला वहिनीच म्हणे. एकदा गडबडीत खुद्द नवऱ्याच्या तोंडून "वहिनी, चहा" निघालं होतं आणि ते त्याला आजतागायत ऐकावं लागत होतं.

थोरला पुन्हा पडद्याकडे वळला. हे काही साधं दुकान नव्हतं. वाकडे पाय, आखूड पाय, एक लहान एक मोठा अशी जोडी, अपघातात बोटं गेलेले पाय. ज्यांना बाजारातला कुठलाच बूट होत नाही असे पाय इथे यायचे. प्रत्येक पायाचा फर्मा असे. फर्मा म्हणजे त्या पायाचा साचा, ज्यावर बूट चढवून शिवतात. पूर्वी ते लाकडात हाताने तासत. आता पायाची आकृती कंप्युटरमध्ये घेत आणि मशीन फर्मा कापून देई. पण आकृती म्हणजे नुसती सुरुवात. माणूस बूट घालून चालून बघे, आठवड्याने येऊन सांगे की इथे टोचतं, तिथे सैल लागतं. मग तेवढं खरवडायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा ऐकायचं. वर्षानुवर्षांच्या अशा दुरुस्त्या त्या फाइलींमध्ये होत्या. माप काय, उद्याही घेता येईल. टोचणं मात्र गिऱ्हाइकालाच पुन्हा सोसावं लागेल.

"लाकडी फर्मे?" कंप्युटरवाल्याने विचारलं. "जुने असतील ना?"

कुणी कुणाकडे बघेना. माळा रिकामा करायचा म्हणून ते सगळे एका हॉटेलवाल्याला देऊन टाकले होते. त्याने ते उभे अर्धे चिरून शोभेसाठी भिंतीवर चिकटवले होते. धाकटा मध्यंतरी तिथे जेवायला गेला होता आणि घास घशाखाली उतरला नाही म्हणून निम्म्यातून उठून आला होता.

"बसवाल्या बाईंचे बूट याच आठवड्यात द्यायचेत," थोरला म्हणाला. बाई शहरातली बस चालवत. उजवं पाऊल लहानपणापासून आत वळलेलं. ब्रेकवर नेमका दाब कळायला हवा म्हणून त्यांच्या तळव्याखालचा एक उंचवटा बसवायलाच वर्ष गेलं होतं. जुना बूट परवा बाजूने फाटला. "काय सांगू त्यांना? बाई, पुन्हा वर्षभर लंगडा, मग बघू?"

"पैसे देऊन टाकले तर?" धाकट्याने हळूच विचारलं.

"चोराच्या हाती किल्ली, आणि वर त्याच्या शब्दावर भरवसा," कंप्युटरवाला म्हणाला. "देऊनही रिकाम्या हाताने बसलेले लोक मी पाहिलेत."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि म्हणाली, "ताईंकडे आहे."

हे नाव या खोलीत फारसं निघत नसे. थोरल्यापेक्षा वर्षाने मोठी बहीण, अण्णांच्या हाताखाली फर्मे तासायला शिकलेली, आणि त्यांच्यानंतर या कामात तिच्या तोडीचा हात कुणाचा नव्हता. मशीन आलं आणि ताई गेली. वेगळं होताना तिने ना दुकान मागितलं ना घर. एवढंच म्हणाली, "दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या पायांची पुरी प्रत माझ्याकडे आली पाहिजे. माझ्या घरी. तुमच्या नव्हे."

"म्हणजे आम्ही चोर?" थोरल्याने विचारलं होतं.

"तसं समज," ती म्हणाली होती.

तेव्हापासून तो तिचा जिना चढला नव्हता. आईच्या आजारपणात समोरासमोर आले तर दोघं औषधाच्या बाटलीशी बोलत. प्रत मात्र जात राहिली. वहिनी भरलेली डिस्क घेऊन जाई, ताईने पुसलेली आधीची परत आणी. घरात त्याला 'ताईचा हप्ता' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना थोरल्याच्या दाताखाली खडा येई.

"पण मी बंद करा म्हणालो होतो," तो आता म्हणाला.

"तुम्ही म्हणालात, 'नाही दिला हप्ता तर काय आकाश कोसळणार आहे?' तो प्रश्न होता," वहिनी शांतपणे म्हणाली. "मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून देत राहिले. या एक तारखेलाही दिला."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं न ऐकल्याबद्दल तिला हात जोडावेत असं त्याला वाटलं.

कंप्युटरवाल्याने मात्र लगेच आनंद होऊ दिला नाही. "प्रत असणं वेगळं आणि प्रतीतून सगळं परत येणं वेगळं. किती जणांकडे वर्षानुवर्षं डिस्का पडलेल्या असतात, आणि गरजेच्या दिवशी उघडतच नाहीत. त्यांनी कधी उघडून पाहिली आहे का?"

"पाहते ती," धाकटा एकदम म्हणाला. रुमाल त्याच्या हातातच राहिला. "दादा, आठवतं? मी घाईघाईत एकदा कोरीच डिस्क पाठवली होती. दुसऱ्या दिवशी परत आली, आणि निरोप काय, तर 'ताट वाढलंत, पण त्यात काहीच नाही'. तू आठवडाभर धुमसत होतास, टोमणे मारते म्हणून. पण उघडल्याशिवाय कसं कळलं तिला?"

"मग जा की तू," थोरला म्हणाला. "घेऊन ये."

"तो नाही," आई म्हणाली. तिने काठी मांडीवरून उचलून जमिनीवर टेकली. या घरात निकाल लागला याची ती खूण होती. "गरज दुकानाची, दुकान चालवतोस तू. मागायला तू जायचं."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. ताईच्या भांडणात धाकटा कायम त्याच्या बाजूला. पण आज धाकटा आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता. वहिनी तर आधीच पायांत चपला घालत होती.

*

ताई एका धुलाईच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायची. जिन्यात इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास भरलेला. थोरला पायरीपायरीला वाक्य जुळवत होता. 'ताई, जरा अडचण होती' पासून सुरुवात करावी, की 'तब्येत कशी आहे' पासून? वरच्या पायरीवर पोचेपर्यंत दोन्ही वाक्यं मोडली.

दार उघडंच होतं. वाऱ्याने लोटू नये म्हणून खाली लाकडाचं काहीतरी अडकवलं होतं. आत ताई खिडकीपाशी बसून कानशीने काही घासत होती. मांडीवर भुसा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आईला काय झालं?"

"आई ठणठणीत आहे," वहिनी घाईने म्हणाली. "सगळे बरे आहेत, ताई. दुकानाचं झालंय." आणि तिनेच सगळं सांगून टाकलं. मेल, लाल चौकट, दोरी, बसवाल्या बाईंचे अडलेले बूट.

थोरला उंबऱ्यावर उभा राहून टोमण्याची वाट पाहत होता. तो त्याने रास्त मानला होता, अगदी मनातल्या मनात मान तुकवून. ताईने कानस खाली ठेवली आणि विचारलं, "बसवाल्या बाईंचे बूट कधी द्यायचेत?"

एवढंच. उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा त्याची नजर भिंतीवर गेली, आणि जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर पाय. लाकडी, हाताने तासलेले, तेल पाजलेले फर्मे. नाव एकावरही नव्हतं आणि त्याला नाव लागतही नव्हतं. पायांच्या धंद्यातला माणूस चेहरा विसरेल, पाय विसरणार नाही. तो रुंद, पुढून चौकोनी, तो गवंड्याचा. तो टाच उचललेला, शाळेतल्या गाण्याच्या बाईंचा. दोन बोटांचा तो गिरणीतल्या फिटरचा.

"हे सगळे तू..."

"डिस्क आली की उघडते," ताई म्हणाली. "डोळे मिटून एक पाय निवडायचा आणि त्यावरून फर्मा तासायचा. तासता तासता कळतं, आकृती पुरी आली आहे की कुठे तुटली आहे. नुसतं यादीत नाव दिसून काय उपयोग? नाव शाबूत आणि पाय गायब असंही होऊ शकतं." ती जराशी हसली. "आणि हातालाही काम मिळतं. तुमचं मशीन काय, मला विचारून थोडंच आलं होतं."

ते शेवटचं वाक्य तिने इतक्या सहज टाकलं की थोरल्याला ते लागायच्या आधी पचलं. तो स्टुलावर बसला. ताईने कपाट उघडून डिस्क काढली, स्वतःच्या जुन्या लॅपटॉपला जोडली. थोडा वेळ काहीच घडेना. मग पडद्यावर एक पाऊल उमटलं, आत वळलेलं, आणि तळव्याखाली तो उंचवटा. थोरल्याने गेल्या महिन्यात अर्ध्या केसाने खाली केलेला, तोसुद्धा जसाच्या तसा.

थोरला उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर बघत राहिला. खाली धुतलेल्या चादरी दोरीवर घालायचं काम चाललं होतं. त्या चादरींकडे तो इतक्या मन लावून बघत होता की वहिनीला काय ते समजलं.

"द्या," काही वेळाने ती म्हणाली, "मी घेऊन पुढे होते."

ताईने डिस्कवर हात ठेवला. "ही हलायची नाही. आता ही एकुलती एक आहे. आधी हिची दुसरी प्रत होईल, आणि दुकानात जायची ती प्रत जाईल. ही इथेच. आणि तो कंप्युटर आतून धुऊनपुसून स्वच्छ केल्याशिवाय त्याला काहीही जोडायचं नाही, सांग त्या माणसाला."

"तोही तेच म्हणाला," वहिनी म्हणाली आणि कोरी डिस्क विकत आणायला खाली उतरली. ती आणून दिल्यावरही ती थांबली नाही. दुकानात निरोप द्यायला हवा, म्हणाली. खरं म्हणजे निरोप फोनवर देता आला असता.

प्रत होत होती. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. बहीणभाऊ तिच्याकडे बघत बसले. भांडलेल्या माणसांना शेजारी बसवून ठेवायला याहून चांगला उपाय नाही. उठून जावं तर काम अर्धवट राहतं. ताईने चहा केला.

"साखर कमीच ना अजून?" तिने विचारलं.

"हो."

पट्टी किंचित सरकली.

"ताई, त्या वेळी तू म्हणालीस, तसं समज. मी तसंच समजलो."

"मीही रागात होते." तिने कप फिरवला. "अविश्वास होताच. नव्हता म्हणाले तर खोटं ठरेल. पण चोर म्हणून नाही, खिळ्या."

खिळ्या. लहानपणी तो तोंडात चुका, म्हणजे बुटाचे बारीक खिळे, धरून दुकानभर हिंडायचा म्हणून हे नाव ठेवलं होतं तिने. तिच्याशिवाय ते कुणी वापरत नसे, त्यामुळे इतकी वर्षं ते त्याने ऐकलंच नव्हतं.

"अण्णा गेले तेव्हाचं आठवतं?" ती म्हणाली. "कुणाला कुठे टोचतं ते सगळं त्यांच्या डोक्यात. एका दुपारी गेले, आणि डोक्याची काही दुसरी प्रत नव्हती. वर्षभर आपली गिऱ्हाइकं लंगडत होती. तो म्हातारा वाद्यं दुरुस्त करणारा, दुकानात येऊन मला म्हणाला, 'पोरी, तुझा बाप मेला आणि माझे पाय अनाथ झाले.' तेव्हाच मी ठरवलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. आणि तू..." तिने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तू चांगला कारागीर आहेस, पण स्वतःच्या लग्नाला एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून आलेला माणूस आहेस. तुझ्यावर सगळं कसं सोपवू?"

थोरल्याला हसू फुटलं, आणि त्या हसण्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं. दोन्ही त्याने थांबवलं नाही. दर एक तारखेला झालेला अपमान त्याने जपून ठेवला होता, आणि तो अपमान म्हणजे या बाईने त्याच्यासाठी केलेली राखण होती. हे त्याला आज कळलं, आणि कळायला फार उशीर झाला नाही याबद्दल तो मनापासून कृतज्ञ झाला.

"फार उपकार झाले, ताई."

"उपकार कसले? हप्ते भरलेस, ते परत मिळाले. चहा घे, गार होतोय."

*

दोन दिवसांनी दुकानाच्या मागच्या खोलीत पुन्हा सगळे जमले, आणि या वेळी ताईही होती. कंप्युटर आणि त्याला बांधलेली डिस्क, दोन्ही पुसून कोरं केलं होतं. कंप्युटरवाल्याने नवी प्रत जोडली, आणि एकेक पाय परत येऊ लागला. एक तारखेनंतरचं काम तेवढं गेलं होतं. ती गिऱ्हाइकं अजून येत-जात होती, त्यांना पुन्हा विचारणं जमण्यासारखं होतं. बसवाल्या बाईंचा फर्मा सकाळीच मशीनवर कापून झाला, आणि ताईने तो हातात घेऊन, उगाच बोट फिरवून, कानशीचा एक हलका हात मारला. मशीनने सोडलेलं काहीतरी तिला दिसलं असावं. थोरल्याने विचारलं नाही, फक्त तो फर्मा दोन्ही हातांनी घेतला.

वरचं चामडं आधीच शिवून ठेवलेलं होतं, त्यामुळे दुपारपर्यंत बूट उभे राहिले. बाई येऊन ते घालून खोलीत चार फेऱ्या मारून गेल्या. "होतं तसंच आहे," म्हणाल्या. या दुकानात याहून मोठी शाबासकी नव्हती.

आईला आता जोर चढला होता. "झालं ते झालं. ताई, तू आता घरी चल. तुझं कपाट, तुझ्या त्या डिस्का, फळ्या, सगळं घेऊन चल. माझ्या शेजारची खोली रिकामीच आहे."

"हो ना," धाकट्याने लगेच री ओढली. "सगळं कसं एका छताखाली. वहिनीची दर महिन्याची पायपीट वाचेल. मी एक मोठं कपाट..."

"दोरीने बांधशील?" वहिनीने विचारलं.

सगळे हसले. ताई हसली नाही. ती आईकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कधीपासूनची ओढ स्पष्ट दिसत होती. थोरल्याला ती दिसली. त्यालाही तेच हवं होतं. ती खोली त्याने पहाटे उठून स्वतः झाडून ठेवली होती. म्हणूनच पुढचं बोलायला त्याला फार जड गेलं.

"नाही," तो म्हणाला.

आईची काठी जमिनीवर आपटली. "अजून राग गेला नाही तुझा?"

"आई, ऐक. ताईने यावं. आज, उद्या, रोज. इथली तिची जागा मी मोकळी केली आहे, खिडकीजवळची, कानस तिथे आहे. तिला राहावंसं वाटलं तर ती खोलीही तिचीच. पण डिस्क तिथेच राहील. आग लागो, पाणी शिरो, धाकटा आणखी एखादं बिल उघडो, इथलं सगळं गेलं तरी तिथलं राहिलं पाहिजे. आनंदाच्या भरात सगळं एका जागी आणलं तर आपण काहीच शिकलो नाही." तो ताईकडे वळला. "आणि तू एवढं कर. आमच्यावर विश्वास ठेवू नकोस."

मग ताई हसली, डोकं मागे टाकून, लहानपणी हसायची तशी.

"त्याची काळजी तू करू नकोस," ती म्हणाली. "ते मला जमतं."

आईने काठी पुन्हा मांडीवर घेतली. तिला सगळं पटलं होतं असं नाही, पण लेकरं एका खोलीत हसत होती. तेवढं तिला पुरलं. "मग ती दोरी तरी कापा," ती म्हणाली.

थोरल्याने कात्री उचलली. कात्रीची दोरी आखूड. टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ती पोचेना. त्याने ओढून पाहिली, वाकून पाहिलं, डिस्क चार बोटं दूरच राहिली. धाकटा हसत हसत जमिनीवर बसला. शेवटी वहिनीने चामडं कापायची रापी आणली, तिची दोरी कधीच कुणीतरी गुपचूप तोडलेली होती, आणि गाठ सुटली. कोणी तोडली होती ते आईने विचारलं नाही. ताई छताकडे बघत होती.

एक तारखेला वहिनी डिस्क पिशवीत घालू लागली तेव्हा थोरल्याने पिशवी तिच्या हातातून घेतली. ताई आता रोज दुकानात येई, डिस्क तिच्या हाती देता आली असती. पण हप्ता घरी पोचवायचा, असं ठरलेलं होतं. जिना चढताना या वेळी त्याला वाक्य जुळवावं लागलं नाही.

ताईने डिस्क लॅपटॉपला जोडली. "बस," म्हणाली. "उघडेपर्यंत जायचं नाही." तो बसला. पूर्वी याच गोष्टीचा त्याला संताप आला असता. आज ती आपल्यासमोर तपासते आहे हे बघून जिवाला बरं वाटत होतं. तिने डोळे मिटून एक पाय निवडला, तो पुरा उघडला, उलटसुलट फिरवून पाहिला आणि मान डोलावली. मग तिने जुनी डिस्क त्याच्या हातात ठेवली.

निघताना त्याने सवयीने दार ओढलं. ते मिटलं नाही. खालचं लाकूड बाजूला करायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. तो फर्मा होता. रुंद टाच, करंगळी आत मुडपलेली, लहानपणी त्याच्या करंगळीवर हातोडा पडला होता. घरातल्या सगळ्यांचे पाय कंप्युटरमध्ये होतेच.

"हा कधी तासलास?"

"पहिल्याच महिन्यात," ताई आतून म्हणाली. "फार राग आला होता तुझा. म्हटलं, दाराशी टाकावा."

"मग उचलू?"

"राहू दे. त्याच्यामुळे दार उघडं राहतं."

त्याने फर्मा होता तिथे नीट सरकवून ठेवला, दार लोटत नाही ना ते एकदा पाहिलं, आणि तो खाली उतरला.